परदेशी सरकारी कंपन्या दुसऱ्या देशात रेल्वे कशा चालवतात? मिरज–पुणे मार्गावर तसं होईल का?

आधी मालकी आणि चालवणं या गोष्टी वेगळ्या धरा. ब्रिटनमध्ये रूळ आणि सिग्नल नेटवर्क रेलचे, म्हणजे सरकारी. गाड्या बहुतेक भाड्याच्या. कंत्राट बदललं की ड्रायव्हर-गार्डही तेच राहतात, फक्त नव्या कंपनीकडे वर्ग होतात. बाहेरून येतं ते व्यवस्थापन. म्हणून तेव्हा जर्मन रेल्वेच्या मालकीची असलेली अरायव्हा, डच रेल्वेची अॅबेलिओ, इटलीची ट्रेनइटालिया तिथे शिरू शकल्या. मला सगळ्यात खटकतं ते हे, की 1993च्या कायद्याने ब्रिटनच्याच सरकारी संस्थांना फ्रँचायझी, म्हणजे गाड्या चालवायचं कंत्राट, घ्यायची बंदी होती, परक्या सरकारांना नव्हती. 2024च्या कायद्यानंतर कंत्राटं संपतील तशा गाड्या परत सरकारकडे चालल्या आहेत.

या सगळ्यात खरी मेख रुळांवर आहे. ब्रिटनमध्ये तीन मिनिटं किंवा जास्त उशीर झाला की तो कुणाच्या नावावर हे लिहून ठरतं. पॉइंट (गाडीचा रूळ बदलणारा सांधा) फेल झाला तर नेटवर्क रेल कंपनीला भरपाई देते, डब्याचं दार अडकलं तर कंपनी देते. एवढं करूनही उत्तर इंग्लंडमध्ये अरायव्हा चालवत असलेल्या नॉर्दर्न सेवेचं काय झालं बघा. मँचेस्टरजवळच्या बोल्टनकडचं विद्युतीकरण लांबलं, मे 2018चं नवं वेळापत्रक कोसळलं, आणि 1 मार्च 2020 ला सरकारने सेवा हातात घेतली. रूळ वेळेवर तयार नसतील तर चालवणारा कुणीही असो, गाडी रखडणारच.

भारतातही हा प्रकार आहे. दिल्ली–मेरठ नमो भारत ही जलद रेल्वे जर्मन रेल्वेची कंपनी 12 वर्षांच्या कंत्राटावर चालवते. पण तो मार्ग नवा आणि स्वतंत्र, मालगाडी मध्ये येत नाही. आपल्या मिरज–पुण्याला कोयना, महालक्ष्मी आणि मालगाड्या एकाच मार्गावर, त्यात आदर्की आणि शिंदवण्याचे घाट. शिवाय उशीर कुणाचा हे ठरवणारा त्रयस्थ नियामक नाही. रूळ रेल्वेचे, स्पर्धक गाड्याही रेल्वेच्याच. 2020 मध्ये 151 खासगी गाड्यांसाठी निविदा प्रक्रिया सुरू झाली, पण 2021 मध्ये प्रत्यक्ष बोली लावायला जेमतेम दोघे पुढे आले.

त्यामुळे मिरज–पुण्याला सध्या परदेशी चालक येईल असं मला वाटत नाही. जादा गाडी हवी असेल तर पुणे विभागाच्या उपभोक्ता सल्लागार समितीकडे नेमकं लिहा: कोणती गाडी, कोणत्या स्टेशनात किती मिनिटं रखडते, पुण्याला फलाट नसेल तर हडपसरला संपवता येईल का. "गाड्या वाढवा" एवढंच लिहिलेलं पत्र फाइलमध्ये पडून राहतं.