आजी सगळ्यांच्या शेवटी का जेवते?

स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथे राहणाऱ्या, मूळच्या सोलापूरच्या एका वाचक भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून त्यातील मजकूर थोडक्यात देते.

पतिपत्नी दोघेही नोकरी करतात. नऊ वर्षांची मुलगी आहे आणि चौदा महिन्यांचा मुलगा. पती सध्या मुलासाठी पाच महिन्यांच्या पालकत्व रजेवर आहेत. अशातच सासूबाई नव्वद दिवसांच्या व्हिसावर सोलापूरहून आल्या आणि आल्या दिवसापासून घरात कुरबुर सुरू झाली. मुलाने भांडी घासायला घेतली की त्या त्याच्या हातून काढून घेतात. तो बाळाचा डायपर बदलताना दिसला की सुनेला हाक मारतात. पाहुणे आले की पाणी आणायला नातीलाच उठवतात. सोलापुरातील बहिणीशी फोनवर बोलताना मात्र मुलगा बाळासाठी घरी आहे असे न सांगता, "त्याला ऑफिसची सुट्टी लागली आहे" असे सांगतात. पत्रलेखिकेचे प्रश्न तीन आहेत. आईंना स्त्री-पुरुष समता समजावून सांगावी कशी, मुलीवर या वागण्याचा परिणाम होईल का, आणि पुढच्या वर्षी त्यांना बोलवावे की नाही?

उत्तर देण्याआधी तुमच्याच पत्रातील दोन वाक्ये तुमच्यापुढे ठेवते. तिसऱ्या पानावर तुम्ही ओघात लिहून गेला आहात की, "स्वयंपाकाचे मात्र सगळे आईच बघतात, त्यामुळे आम्हा दोघांना संध्याकाळी मुलांना घेऊन बाहेर पडता येते." आणि शेवटच्या पानावर, मुलीने एकदा जेवताना "आजी आपल्याबरोबर का जेवत नाही?" असे विचारल्याचे लिहिले आहे. हा प्रश्न तुम्ही सासूबाईंच्या जुन्या वळणाचे उदाहरण म्हणून दिला आहे. मला तो तुम्हा दोघांना विचारलेला प्रश्न वाटतो.

पहाटे पाचला उठून पंचवीस पोळ्या लाटणारी, सोलापूरहून सामानात नेलेल्या खलबत्त्यात शेंगांची चटणी कुटणारी, तुम्ही गेल्यावर खावे म्हणून पुरणपोळ्या करून फ्रीजरमध्ये रचून ठेवणारी अडुसष्ट वर्षांची बाई घरात आहे, म्हणून तुम्हा पतिपत्नींमधील कामाची वाटणी इतकी सुरळीत चालली आहे. दोन माणसांनी कामे निम्मी निम्मी वाटून घेतली, पण त्या निम्म्यातले सर्वांत वेळखाऊ काम तिसऱ्याच माणसाने उचलले, तर त्या हिशेबात कुठेतरी चूक आहे. समतेबद्दल सासूबाईंशी बोलायला बसण्यापूर्वी हा हिशेब तुम्ही दोघांनी आधी आपापसांत मांडावा असे मला वाटते. "त्यांनाच आवडते, त्या ऐकतच नाहीत" हे उत्तर तुमच्या ओठावर आले असेल. ते खरेही असेल. पण पूर्वी आपल्या आज्यांविषयी आपले आजोबा नेमके हेच म्हणत असत, एवढे ध्यानात असू द्या.

आता सोलापूरविषयी. तुमच्या पत्रात "सोलापूरची मानसिकता" हा शब्दप्रयोग चार वेळा आला आहे, आणि सोलापुरातच आयुष्य गेलेल्या मला तो थोडा टोचला. या गावातील बाई परदेशी वारे लागून कमावू लागली असे नाही. पूर्वभागातील कुठल्याही गल्लीत दुपारी जा; मांडीवर सूप घेऊन, त्यात कापलेली पाने आणि तंबाखू ठेवून विड्या वळणाऱ्या बायका दिसतील. सकाळी कारखान्यातून पान-तंबाखू घेऊन यायचे, घरी हजार विड्या वळायच्या आणि मोजून परत द्यायच्या, हा क्रम त्यांच्या घरी दोन-तीन पिढ्या चालत आलेला आहे. यंत्रमागावर कापड विणले जात असताना कांड्या भरणारे हात बहुधा बायकांचेच असतात. कुंभारीजवळ विडी कामगार महिलांनी झगडून मिळवलेली, गोदावरी परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत २००६ पासून उभी आहे. तेव्हा बाईने कमवावे की नाही हा वाद सोलापूरच्या कष्टकरी घरांत केव्हाच संपला होता. संपला नाही तो दुसरा वाद. हजार विड्या वळून झाल्यावर चूल कोणी पेटवायची, हा प्रश्न त्या गल्ल्यांत अजून कोणी फारसा विचारत नाही, आणि शिकल्यासवरल्या घरांतही परिस्थिती वेगळी नाही. माझे स्वतःचे यजमान, आम्ही दोघेच असताना, सकाळचा चहा न सांगता करीत. पण त्यांच्या मातोश्री गावाहून आल्या की पहिल्या दिवसापासून त्यांच्या हातात वर्तमानपत्र येई आणि त्या गेल्याखेरीज ते खाली ठेवले जात नसे. त्यांना चहा करण्याची लाज नव्हती, आईसमोर करण्याची होती. तुमच्या घरी निदान उलटे आहे. मुलगा आईसमोर भांडी घासायला उभा राहतो, ही मोठी गोष्ट आहे.

तुम्ही आज जेथे राहता तो देशही काही जन्मतः असा नव्हता. स्वीडनने १९७४ मध्ये आईची प्रसूती रजा मोडीत काढून ती आई-वडील दोघांची केली, आणि असे करणारा तो जगातला पहिला देश ठरला. पण कायदा झाला म्हणून बाप घरी बसले नाहीत. त्या पहिल्या वर्षी घेतल्या गेलेल्या एकूण रजेत वडिलांचा वाटा जेमतेम अर्धा टक्का होता. चारचौघांत हसे होईल, नोकरीत मागे पडू, ही भीती तिथल्या पुरुषांनाही होती. ती घालवण्यासाठी सरकारी विमा कार्यालयाला जाहिराती कराव्या लागल्या, आणि त्यासाठी त्यांनी लेन्नार्ट दालग्रेन नावाचा एक भारदस्त वजनउचल खेळाडू निवडला. दंड फुगलेला तो पैलवान कडेवर तान्हे मूल घेऊन हसतो आहे, असे ते चित्र आहे. ते सासूबाईंना जरूर दाखवा. तालमींच्या गावातून आलेल्या बाईला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

जाहिरातीनेही भागले नाही, तेव्हा वडिलांसाठी दिवस राखून ठेवण्याची युक्ती काढण्यात आली. १९९५ मध्ये एक महिना, २००२ मध्ये दुसरा आणि २०१६ मध्ये तिसरा, अशा टप्प्यांनी आज एका मुलामागच्या ४८० दिवसांपैकी नव्वद दिवस आईचे आणि नव्वद दिवस बापाचे असे बांधलेले आहेत. ते एकमेकांच्या नावावर करता येत नाहीत. आज वडिलांचा वाटा सुमारे तीस टक्क्यांवर आला आहे, तो या बंधनामुळे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे व्यवहारी उत्तर मला यातच दिसते. "आई, हल्ली पुरुषांनीही घरकाम करायचे असते" असे सांगितले, तर तो तुमच्या आणि त्यांच्या संस्कारांचा झगडा होतो आणि त्यात त्या हरल्यासारख्या होतात. त्याऐवजी असे सांगावे: "आई, हे नव्वद दिवस माझ्या हक्काचे आहेत. त्यांचे पैसे मिळतात. मी घेतले नाहीत तर ते तिला मिळत नाहीत, नुसते बुडतात." हक्काची गोष्ट बुडू देणे सोलापूरच्या कुठल्याही काटकसरी गृहिणीला पटणार नाही. एकदा रजा घेणे शहाणपणाचे ठरले की रजेवरचा माणूस बाळाचे डायपर बदलणारच, हे ओघाने येते.

मात्र हे वाक्य तुम्ही बोलू नये, तुमच्या पतींनी बोलावे. आजवर आलेल्या पत्रांवरून माझा असा अनुभव आहे की परदेशातील मराठी घरांत समतेची बाजू मांडण्याचे कामही सुनेच्याच अंगावर टाकले जाते, आणि मुलगा दोघींच्या मध्ये शांततादूत होऊन बसतो. सुनेच्या तोंडून आलेली तीच गोष्ट सासूला उलट उत्तरासारखी लागते. मुलाच्या तोंडून आली तर तो त्याचा निर्णय ठरतो. आईच्या नकळत भांडी घासून ठेवण्याचाही उपयोग नाही. तिच्यासमोर, न रागावता, "तू बस, हे माझे काम आहे" असे म्हणून रोज घासावीत. पहिले पंधरा दिवस अवघड जातील.

सासूबाई सिद्धरामेश्वरांच्या भक्त आहेत असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा त्यांच्याच श्रद्धेतला आधारही तुमच्या हाताशी आहे. ज्या शरणांच्या, म्हणजे शिवभक्त संतांच्या, मांदियाळीत आपले ग्रामदैवत बसते, त्यांनी कायक, म्हणजे हाताचे काम, हीच पूजा मानली आणि कामांत उच्चनीच ठेवले नाही. स्वतः सिद्धरामांनी तळे खोदण्याचे काम हाती घेतले, ही कथा सोलापुरातले शेंबडे पोरही सांगेल. त्याच परंपरेत आयदक्की लक्कम्मा नावाची शरणी होऊन गेली. नवऱ्याने रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ वेचून आणले, तेव्हा हा हव्यास कशाला, जास्तीचे परत ठेवून या, असे तिने त्याला ठणकावले. सासूबाईंना ही कथा बहुधा तुमच्याहून चांगली ठाऊक असेल; त्यांनाच ती नातीला सांगू द्या. बाराव्या शतकात बायको नवऱ्याच्या कामातली चूक काढत होती, हे त्या स्वतः सांगत असतील, तर त्याच संध्याकाळी पाण्याचा तांब्या आणायला नातीऐवजी मुलाला हाक मारणे त्यांना इतके जड जाणार नाही.

मुलीविषयीच्या तुमच्या चिंतेबद्दल फार लिहीत नाही. तिच्यादेखत आजीला दुरुस्त करू नका, एवढेच. नऊ वर्षांची मुलगी शाळेत एक आणि घरी दुसरे पाहते, तेव्हा ती गोंधळत नाही, तुलना करते. तिने तुलना करून प्रश्नही विचारला आहे. देशादेशांची प्रतवारी लावण्याची सवय मात्र तिला लागू देऊ नका. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्याकडच्या बायका पुरुषांच्या बरोबरीने मतदान करीत होत्या, तेव्हा युरोपातल्या सधन स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना संघराज्याच्या निवडणुकीत मत नव्हते. ते १९७१ मध्ये मिळाले. पश्चिम जर्मनीत तर घर-संसाराच्या कर्तव्यांना बाधा येत नसेल तरच विवाहितेने नोकरी करावी, अशा अर्थाचे कलम १९७७ पर्यंत कायद्यात होते. स्वित्झर्लंड आणि जर्मनीतले हे बदल तिच्या आजीच्या हयातीतले आहेत.

राहिला तो आईंच्या कष्टांचा भाग, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुलै २०२४ पासून स्वीडनमध्ये आई-वडिलांपैकी प्रत्येकाला आपल्या रजेतले पंचेचाळीस दिवसांपर्यंतचे भत्ते आजी-आजोबांसारख्या दुसऱ्या व्यक्तीला देता येतात. पाहुणी म्हणून व्हिसावर आलेल्या आजीच्या हाती त्यातून काही पडणार नाही. पण आजीने बाळ सांभाळले की तो वेळ मोजला जावा, ही गोष्ट एका सरकारने मान्य केली आहे, तर घराने ती मानायला हरकत नसावी. सोलापुरात कडक भाकरी दुकानात विकत मिळते आणि ती थापणाऱ्या बाईला तिची मजुरी मिळते. आईला मजुरी देऊ नये, हे मलाही कळते. पण आठवड्यातले तीन दिवस स्वयंपाक तुमचे पती करतील आणि त्या दिवशी आईंनी ओट्याशी यायचे नाही, असे ठरवता येईल. भाकरी थापायला त्यांनीच मुलाला शिकवावे. त्याची पहिली भाकरी तव्यावर फुटेल, आणि त्यावर त्या जे हसतील ते तुम्ही तिघे बराच काळ विसरणार नाही. जेवायला मात्र सातही दिवस सगळ्यांनी एकत्र बसावे. "तुम्ही बसल्याशिवाय आम्ही घास घेणार नाही" असे तुम्ही दोघांनी धरून बसलात, तर पहिल्या दोन दिवसांत अन्न थंड होईल, तिसऱ्या दिवशी त्या बसतील.

फोनवरच्या त्या "सुट्टी"बद्दल त्यांच्यावर रागावू नका. चारचौघींत मुलाची मान खाली जाऊ नये म्हणून त्या धडपडत आहेत. पुढच्या वेळी मावशींचा फोन आला की तुमच्या पतींनी स्वतः घ्यावा आणि बाळासाठी रजा घेतल्याचे सरळ सांगावे. मुलगा आपणहून बोलला की आईला झाकायला काही उरत नाही.

आणि पुढच्या वर्षी बोलवावे की नाही, हा प्रश्न मला विचारण्याआधी तुम्ही त्यांना विचारला का? तुमच्या पत्रात त्यांना काय हवे आहे याचा उल्लेख मला सापडला नाही. त्यांना समुद्र पाहायचा असेल, किंवा तिथल्या एखाद्या मराठी घरी चार दिवस राहायचे असेल. यायचेच नसेल, असेही असू शकेल. तुम्ही या वेळी तिकीट डिसेंबरात काढले, तुमच्या सोयीने. जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास, सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरते आणि नंदीध्वज निघतात. सिद्धेश्वरांच्या भक्त असलेल्या बाईने त्या दिवसांत सोलापूर सोडले, ते मनाने की तुमच्यासाठी, हे त्यांच्याकडूनच ऐका, आणि यायचे ठरले तर पुढच्या तिकिटाची तारीख त्यांना सांगू द्या.