मिरचीच्या आधी तिखट कशाचं?

प्रश्न : वाघ्या घेवड्याची आमटी करत होते, तेवढ्यात सातवीतली नात म्हणाली, "आजी, हा घेवडा आणि मिरची दोन्ही परदेशी. पोर्तुगीजांनी आणली." मी म्हटलं, छे! आमच्या कोरेगावचा घेवडा परदेशी कसा? आणि मिरची नव्हती तर आपण तिखट काय खायचो? ते लोक एवढा समुद्र ओलांडून आले तरी कशाला?
– एक आजी, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : ताई, पैज लावली असेल तर हरलात. घेवडा, मिरची, बटाटा, मका, भुईमूग, पेरू ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. त्याआधी तिखटाला मिरी, पिंपळी आणि सुंठ होती. मिरचीचं नावसुद्धा मिरीवरूनच पडलं. आमच्या हिने एकदा हट्टाने नुसत्या मिरीची आमटी केली होती. दुसऱ्या घासाला मी खर्डा मागितला.

आता ते आले कशाला. तीस वर्षं मी फळ्यावर एकच उत्तर लिहिलं : १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, व्यापाराची वाट बंद झाली, म्हणून नवी वाट शोधली. चार गुण. आज कबूल करतो, ते अर्धवट होतं. मिरी त्यानंतरही अलेक्झांड्रियावरून व्हेनिसला जातच होती. आणि पोर्तुगीज तर १४१५ मध्येच आफ्रिकेतलं सेउटा घेऊन किनाऱ्याने खाली सरकू लागले होते. तिथल्या सोन्यावर त्यांचा डोळा होता.

खरं तर हे मला घरातच कळायला हवं होतं. वडील सांगलीच्या यार्डात हळदीच्या अडत्याकडे दिवाणजी होते. हरिपूरच्या पेवातून निघालेली हळद किती हातांतून जाते, हे जेवताना बोटांवर मोजायचे : अडत, तोलाई, हमाली, दलाली. मलबारच्या मिरीचंही तेच. कालिकतचा व्यापारी, अरबांचं जहाज, कैरोच्या सुलतानाची जकात, शेवटी व्हेनिस. लिस्बनच्या, म्हणजे पोर्तुगालच्या, राजाला वाटलं, मधले सगळे काढून टाकू. जोडीला धर्माचा जोर होताच.

२० मे १४९८ ला वास्को द गामा कालिकतजवळ पोहोचला. त्याने आधी एक माणूस किनाऱ्यावर पाठवला, तर त्याला भेटले कोण? ट्युनिसचे दोन मुसलमान, स्पॅनिश जाणणारे! इथे कशाला आलात, असं त्यांनी विचारल्यावर तो म्हणाला, ख्रिस्ती लोक आणि मसाले शोधायला. कालिकतच्या सामुतिरी राजाला भेट म्हणून आणलं होतं कापड, टोप्या, हात धुवायची भांडी, साखर, मध. दरबारातली माणसं हसली. एवढ्या भरल्या बाजारात पोर्तुगीजांकडे विकायला काही नव्हतं. पुढच्याच आरमाराने, १५०० मध्ये, आपल्या वखारीवरच्या हल्ल्याचा सूड म्हणून कालिकतवर तोफा डागल्या. मग कार्ताझ आला, म्हणजे पोर्तुगीजांचा परवाना. आपल्याच समुद्रात आपल्याच जहाजाला त्यांची चिठ्ठी, नाहीतर माल जप्त. दलाल काढायला निघालेले स्वतःच जकातदार होऊन बसले.

मिरची आली ती मात्र उलट्या वाटेने. १४९२ मध्ये कोलंबसही मसाल्याच्या मुलखालाच निघाला होता. मिरी मिळाली नाही, कॅरिबियन बेटांवर मिरची मिळाली. पुढे ती पोर्तुगीज जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागली आणि घाट चढून वर आली.

पण नातीला आमटीपाशीच थांबवू नका. युरोपच्या जहाजांतूनच अमेरिकेत देवीची साथ गेली. तिथल्या लोकांना तो रोग ठाऊकच नव्हता, गावंच्या गावं ओस पडली. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत बेटांवर ऊस नेला. तो ऊस तोडायला माणसं उरेनात, तेव्हा ती आफ्रिकेतून पकडून आणली. साडेतीनशेहून अधिक वर्षांत सुमारे १ कोटी २५ लाख माणसं जहाजांत कोंबली. त्यातली सुमारे १८ लाख वाटेतच मेली. आणि उसाच्या रसाची साखर करायची विद्या मूळची आपल्याकडची. कारखान्याची मळी ज्याच्या नाकात लहानपणापासून बसली आहे, त्याला हे वाचताना थांबावं लागतं.

सातवीतल्या मुलीला हे सांगायचं का, ते तुम्ही ठरवा. मी सातवीला कधी सांगितलं नव्हतं.