एकच शिक्षक उरलेली चार वर्गांची शाळा चालते तरी कशी?

तुमच्या गावात जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा आहे, पट 41. दोन शिक्षकांपैकी बाईंची बदली झाली, जागा रिकामी राहिली आणि आता सर एकटेच चारही वर्ग सांभाळतात. अशी शाळा चालते कशी आणि दुसरीतल्या मुलीला तिथे ठेवावं की काढावं, असा तुमचा प्रश्न आहे. मी जिल्हा परिषदेत प्राथमिक शिक्षक आहे. माझी बहुतेक नोकरी द्विशिक्षकी शाळांमध्ये झाली आणि जोडीदार नसलेले महिने मीही काढलेत. आतून काय घडतं ते सांगतो.

आधी हिशेब बघा. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस आणि 800 तास अध्यापन धरलंय, म्हणजे दिवसाला चार तास. एकट्या माणसाने ते चार वर्गांत वाटले तर प्रत्येक वर्गाला रोज एक तास मिळतो, तोही हजेरी, पोषण आहाराच्या नोंदी आणि अधूनमधून वाजणारा फोन यांत जाणारा वेळ वजा न करता. म्हणून मग सर्रास काय होतं? पहिलीला ‘गिरवा’, दुसरीला ‘उतरवून काढा’, तिसरी-चौथीला ‘स्वाध्याय सोडवा’. वर्ग शांत राहतो, वह्या भरतात, शिकणं मात्र जेमतेम होतं.

यात सगळ्यात जास्त नुकसान पहिलीच्या मुलाचं. चौथीचं मूल पुस्तक हातात धरून आठवडाभर तग धरू शकतं. पहिलीच्या मुलाला वाचताच येत नाही, त्यामुळे लिहून दिलेलं कुठलंही काम त्याच्या उपयोगाचं नसतं. कोणी त्याच्याशी बोललं, गोष्ट सांगितली, अक्षराचा आवाज काढून घेतला, तरच ते शिकतं. म्हणून एकटा असताना मी एक नियम कटाक्षाने पाळतो: परिपाठानंतरचा पहिला तास पहिलीचा. माझा घसा आणि डोकं दोन्ही ताजं असतं, तेव्हाच. त्या तासाचं मोठ्या मुलांचं काम आदल्या संध्याकाळी कार्डांवर लिहून ठेवतो. ‘पान अमुक वाचा’ एवढ्याने भागत नाही. ‘वाचा, त्यातली तीन नावं शोधा, शेजाऱ्याला एक प्रश्न विचारा आणि त्याचं उत्तर लिहा’ असं पायरी-पायरीने सांगावं लागतं. कार्ड नीट असेल तर चाळीस मिनिटं कोणी उठून माझ्याकडे येत नाही.

भाषा आणि गणितात मी इयत्ता बाजूला ठेवतो. अक्षर ओळखणारे, शब्द वाचणारे, वाक्य वाचणारे, उतारा समजून सांगणारे असे गट पाडतो. तिसरीतलं मूल शब्दांवर अडलं असेल तर ते दुसरीच्या मुलांबरोबर बसतं आणि दोन महिन्यांत पुढे सरकतं. पालकांना सुरुवातीला हे खटकतं, ‘आमच्या पोराला खाली बसवलं’ असं वाटतं. त्यांना वर्गात बोलावून मुलाला त्यांच्यासमोर वाचायला लावलं की बहुतेकांचं समाधान होतं. गणितात शंभर मण्यांची माळ आणि दशकाचे गठ्ठे दोन इयत्तांना एकाच वेळी पुरतात: धाकटे मोजतात, मोठे त्यावरच हातच्याची बेरीज करतात. चौथीचा शिवछत्रपतींचा इतिहास तर मी सगळ्या शाळेला एकत्र बसवूनच सांगतो. पहिलीची मुलंही जागची हलत नाहीत.

मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवायचं का? ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. 18व्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल यांनी मद्रासमध्ये तिचा अनुभव घेतला आणि तीच इंग्लंडला नेली. पण मर्यादा हवी. चौथीच्या मुलीने पहिलीच्या चौघांना वीस मिनिटं गोष्ट वाचून दाखवली तर दोघांचा फायदा होतो, तिचं स्वतःचं वाचन सुधारतं. तिला दुपारभर वर्गावर उभं केलं तर तो तिच्यावर अन्याय आहे. तुमच्या मुलीच्या बाबतीत असं होत असेल तर सरांना जरूर विचारा.

गावाने मदत करायची तर कुठे, हे नीट ठरवा. डी.एड. झालेली एखादी मुलगी गावात घरी असते. शाळा व्यवस्थापन समितीने (पालकांचा भरणा असलेली शाळेची समिती) ठराव करून तिला दोन तासांसाठी बोलावता येतं. माझं स्पष्ट मत आहे की तिला लोकवर्गणीतून मानधन द्यावं, फुकट राबवू नये. काम ठरलेलं असावं: पहिली-दुसरीचं वाचन, खेळ, गाणी. वर्गाची जबाबदारी सरांचीच राहते. बैठक किंवा माहिती देण्यासाठी सरांना तालुक्याला जावं लागलं की शाळेत शिक्षकच उरत नाही. त्या दिवसासाठी शेजारच्या शाळेतून कोणाला तरी पाठवा, असं समितीने केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) आधीच सांगून ठेवावं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. प्रत्यक्षात मतदारयादीचं काम वर्षभर मागे लागतं, आणि एकशिक्षकी शाळेला त्याची झळ सगळ्यात जास्त बसते.

आता मला सगळ्यात तळमळीने सांगायचंय ते. मुकाट्याने निभावून नेणाऱ्या शाळेला शिक्षक मिळत नाही. सर कर्तबगार असतील, मुलं वाचत असतील, तर कार्यालयाच्या लेखी तिथे अडचणच नसते आणि कामगिरीवरचा, म्हणजे दुसऱ्या शाळेतून तात्पुरता पाठवलेला, शिक्षक दुसरीकडे जातो. म्हणून शाळा चांगली चालवायची आणि त्याच वेळी रिकामी जागा कागदावर सतत मांडत राहायची. 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक हे कायद्याच्या परिशिष्टातच आहे. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून जास्त जागा रिक्त ठेवू नयेत, असं कलम 26 सांगतं. समितीचा ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, प्रत जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा. कायम शिक्षक मिळेपर्यंत कामगिरीवर शिक्षक द्यावा, असं त्यात स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. दर महिन्याला स्मरणपत्र द्या. हे काम पालकांनी करावं. एकटा शिक्षक वरिष्ठांकडे किती वेळा तक्रार करणार?

कामगिरीवरचा शिक्षक म्हणजे शेवटी दुसऱ्या शाळेकडून केलेली उसनवारी, हेही खरं. मूळ दुखणं भरतीचं आहे. 2012 नंतर कित्येक वर्षं शिक्षकभरती जवळजवळ ठप्प होती. शिक्षकभरतीसाठी घेतल्या जाणाऱ्या 2017 च्या अभियोग्यता चाचणीनंतर पुढची चाचणी थेट 2023 मध्ये झाली. निवृत्ती मात्र दर महिन्याला होतच असते.

शिक्षक मिळावा म्हणून शाळेला टाळं ठोकण्याचा मार्ग अनेक गावं धरतात. माझा त्याला विरोध आहे, कारण बुडालेले दिवस मुलांचेच असतात.

मुलीला काढायचं का, तर लगेच नको. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं मंजूर होतात ते, पटावर ठरते. दहा-पंधरा पालकांनी दाखले काढले की पट घसरतो आणि आज जे पद नुसतं रिकामं आहे ते टिकवणंही अवघड होतं. तरीही तुमच्या मुलीचं वर्ष वाया जाऊ नये, हा तुमचा हक्कच आहे. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तिला अनोळखी छोटा उतारा वाचून दोन वाक्यांत सांगता येतो का आणि दोन अंकी बेरीज जमते का, ते घरी बघा. जमत नसेल तर सरांकडे जा आणि ती सध्या कुठल्या गटात बसते, त्या गटाला रोज किती वेळ मिळतो, हे विचारा. नेमकं उत्तर मिळालं तर शाळा मार्गावर आहे. उत्तर देता आलं नाही, तर ते गट कसे पाडायचे हे ठरवायला समितीची बैठक त्याच आठवड्यात बोलवा.