वडील वारले. त्यांची परवान्याची बारा बोर बंदूक पुण्यातल्या घरी कपाटात आहे, परवान्याची मुदतही शिल्लक आहे. तशीच ठेवली तर चालेल का?

नाही, विनाकारण उशीर न लावता ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २१ हेच सांगतं. परवाना माणसाच्या नावाने असतो, घराच्या नाही, त्यामुळे शिल्लक मुदतीचा तुम्हाला उपयोग नाही. काडतुसंही सोबत द्या, ती हमखास माळ्यावर राहून जातात. वारस म्हणून बंदूक ठेवायची असेल तर आधी जमा करा, मग स्वतःच्या नावाने परवाना मागा: शहर हद्दीत पोलीस आयुक्तालयात, ग्रामीण हद्दीत जिल्हाधिकारी कार्यालयात. अर्थात अर्ज केला म्हणजे परवाना मिळालाच असं नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला साधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात. मात्र बंदूक हाताळायची सवय नसेल तर ती स्वतः उघडून बघू नका आणि दुचाकीवर पिशवीत घालून तर अजिबात नेऊ नका. आई कितीही म्हणाली ‘रिकामीच आहे रे’, तरी भरलेलीच समजा, कपाटाला कुलूप लावा आणि ठाण्यात फोन करून कशी आणायची ते विचारा.