नळस्टॉपचा गाळा: विकायचा, की वरच्या मजल्यावर जायचं?

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. पुण्यातल्या नळस्टॉप मेट्रो स्टेशनपासून चार मिनिटांवर तळमजल्याचा २२० चौरस फुटांचा गाळा, स्टेशनरीचं दुकान, सगळं भागवून महिन्याला सुटणारे ६५ हजार. सोसायटी आता पुनर्विकासाला निघाली आहे. बिल्डर म्हणतो, ९० लाख घ्या आणि मोकळे व्हा, नाहीतर नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर २९० फूट घ्या, तोवर ३६ महिने दरमहा ४५ हजार भाडं देतो. मेहुण्यांचा सल्ला तिसराच: मेट्रोलगत चार एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकाम) मिळणार, ६० लाखांचं कर्ज काढून आणखी एक गाळा बुक करा.

मेहुण्यांचं आधी घेतो. तुम्ही ५४ वर्षांचे. १५ वर्षं, १० टक्के व्याज धरलं तर हप्ता साडेचौसष्ट हजारांच्या घरात जातो, म्हणजे दुकानाची सगळी कमाई. हे करू नका. स्टेशनपासून ५०० मीटरच्या टप्प्यात जास्तीत जास्त चार एफएसआय आहे हे खरं, पण ती कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात किती मिळेल हे रस्त्याची रुंदी आणि प्लॉटचं क्षेत्रफळ ठरवतं, आणि वाढीव एफएसआयसाठी प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरावा लागतो. लहान प्लॉट चारपर्यंत पोचत नाही.

आता विक्री. २००३ साली ९ लाखांना घेतलेला गाळा ९० लाखांना गेला, तर नफ्यावर १२.५ टक्के दराने, अधिभार आणि सेस धरून, साडेअकरा लाखांच्या आसपास कर बसेल. इंडेक्सेशन घेऊन, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून, २० टक्क्यांनी केलं तर थोडा जास्तच. (दुकानाच्या हिशेबात गाळ्यावर दरवर्षी घसारा, म्हणजे झिजेची वजावट, दाखवत आला असाल तर हा हिशेब लागू नाही, सीएंना आधी तेच विचारा.) उरलेल्या साडेअठ्ठ्याहत्तर लाखांवर ७ टक्क्यांनी महिना ४६ हजारांपेक्षा थोडं कमीच येतं, त्यावरही कर. मुलीच्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष बाकी असताना ६५ हजार सोडून हे घ्यावं, असं मला वाटत नाही.

खरा प्रश्न मजल्याचा आहे. तुम्हीच लिहिलंय, मेट्रोच्या कामात पत्र्यांआड दुकान चालवलं, तेव्हा पायरीवर उभं राहून चित्रकलेची वही मागणारी पोरं यायची बंद झाली होती. पहिल्या मजल्यावर ती पायरीच नसेल. दवाखाना किंवा क्लास वर चालतो, पेन-वही चालत नाही. या पट्ट्यात वर घरं वाढतील, स्टेशनातून उतरणारी माणसंही वाढतील, पण त्याचा फायदा त्यांच्या वाटेत असलेल्या दुकानालाच. ७० फुटांच्या लोभाने दर्शनी जागा सोडू नका. तळमजल्यावर रस्त्यालगत २२० फूटच मागा, आणि ते मंजूर नकाशावर गाळा क्रमांकासह करारात येऊ द्या. हे मिळणारच नसेल, तर विक्रीचा विचार करा. पण मग ९० लाख हा आकडा बिल्डरचा आहे, आधी स्वतंत्र मूल्यांकन करून घ्या.

मधली तीन वर्षंही नीट मोजा. जवळपास गाळा ४० हजारांना मिळतो म्हणता, तो बिल्डरच्या भाड्यात बसेल. पण जागा हलली की गिऱ्हाईक तुटतं. कमाई महिना २५ हजारांनी घटली तर ३६ महिन्यांत ९ लाखांचं भगदाड पडतं. तेवढी रक्कम एफडीत बाजूला असल्याशिवाय सही करू नका. भाड्याचे वर्षवर्षाचे चेक आगाऊ मागा. नवा फ्लॅट विकत घेणाऱ्या ग्राहकाला महारेराचं, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियामकाचं, जे संरक्षण आहे, ते जुन्या सभासदाला तेवढं मिळत नाही. म्हणून ४ जुलै २०१९ च्या शासन निर्देशांत सांगितलेली, बिल्डरने द्यायची प्रकल्पखर्चाच्या २० टक्क्यांची बँक गॅरंटी सोसायटीने सोडता कामा नये. सभेत हा मुद्दा तुम्हीच उठून मांडा. वर राहणाऱ्यांना नवा फ्लॅट दिसतोय, धंदा फक्त दुकानदारांचा थांबणार आहे.

आणि नकाशा हातात आला की पार्किंगचा रॅम्प कुठून उतरतो ते पाहा. तो तुमच्या गाळ्याच्या तोंडावरून जात असेल, तर तळमजला मिळूनही उपयोग नाही. सही करण्याआधी तो हलवून घ्या.