बहुमत नसताना विरोधी पक्षनेता सरकारला जाब कसा विचारू शकतो?
संख्याबळ नसलेल्या विरोधी पक्षनेत्याचा संसदेत उपयोग काय, असा आपला प्रश्न आहे. संविधानाच्या अनुच्छेद ७५ नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. याच तरतुदीच्या बळावर जुलै १९७९ मध्ये विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांनी मोरारजी देसाई सरकारवर अविश्वास प्रस्ताव मांडला, तेव्हा जनता पक्षातील फूट इतकी उघडी पडली की मतदानापूर्वीच, १५ जुलैला, पंतप्रधानांनी राजीनामा दिला. असा प्रसंग अर्थात विरळाच. माझ्या मते खरा वचक रोजच्या कामातून बसतो: प्रश्नोत्तराच्या तासाला मंत्र्यांचे उत्तर कायमचे नोंदीवर येते आणि १९६७ पासून प्रथेने विरोधकांकडे असलेल्या लोकलेखा समितीच्या अध्यक्षपदामुळे महालेखापरीक्षकांच्या अहवालांवर थेट अधिकाऱ्यांना बोलावून खर्चाचा हिशेब मागता येतो.