भीती वाटली म्हणजे विश्वास उणा, हे कोणी ठरवले?

आपण विचारले आहे की नोकरीचा भरवसा नाही, घरात आजारपण आहे, अशा वेळी ख्रिस्ती माणसाने विश्वास कसा टिकवावा, आणि मनात भीती येणे हेच अविश्वासाचे लक्षण नव्हे काय? दुसऱ्या भागाचे उत्तर मी आधी देतो, कारण हाच आरोप माझ्या वडिलांवर आमच्याच ओसरीवर बसून झाला होता.

आम्ही नवापूरचे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील बर्ड फ्लूची पहिली नोंद आमच्याकडे झाली. वडिलांच्या पोल्ट्रीतील अंड्यांवरच्या कोंबड्या, ज्यांच्यावर आमचे सारे घर चालत होते, पांढऱ्या पोशाखातील माणसांनी मारून खड्ड्यात पुरल्या आणि वर चुना टाकला. अंड्यांचे ट्रे गेले, मका आणि सोयापेंडीचे खाद्य गेले. बँकेचा हप्ता तेवढा राहिला. वडिलांच्या अंगात कणकण होती, म्हणून घरोघर फिरणाऱ्या पथकाला त्यांनी तपासणी करू दिली आणि दिलेल्या गोळ्या वेळच्या वेळी घेतल्या. त्या रात्री कौटुंबिक प्रार्थनेत त्यांचा आवाज कापत होता. तेवढ्यावरून माझ्या एका मामांनी, ज्यांच्या शब्दाला चर्चच्या मंडळीत वजन होते, बायबलमधले ९१ वे स्तोत्र उघडले आणि विचारले की परात्पराच्या आश्रयाला राहणाऱ्याला मरीचे भय कसले, आणि गोळ्या तरी कशाला? दशमांशात, म्हणजे देवासाठी द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या भागात, कसर झाली असेल, असेही वर जोडले. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते शेडमध्ये गेले आणि रिकामे पिंजरे एकेक करून पुसत बसले.

मामांना तेव्हा सांगायला हवे होते ते आपल्याला सांगतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाक म्हणताना सैतान ज्या वचनाचा आधार घेतो, ते याच ९१ व्या स्तोत्रातले आहे; आणि प्रभू येशू त्याला जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या वचनाने उत्तर देतो की देवाची परीक्षा पाहू नकोस. गेथशेमाने बागेत स्वतः प्रभू व्याकूळ झाला, हा दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना त्याने केली, आणि झोपले होते ते शिष्य. प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, केवळ प्रार्थनेवर सोडले नाही. हे सारे ठाऊक असूनही भेदरलेल्या माणसाच्या विश्वासाचे माप काढणे हा मला निव्वळ उद्दामपणा वाटतो.

राहिला विश्वास टिकवण्याचा प्रश्न. मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील त्या पीडित मुलाच्या बापाप्रमाणे, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालव, एवढे म्हणता आले तरी प्रार्थना झाली असे मी मानतो. भीतीचे कारण देवापुढे नावानिशी मांडावे, हप्ता असेल तर हप्ता म्हणावे. प्रार्थनेने रोगी बरे होतात हे मी नाकारत नाही, आणि भीतीने झोपच उडाली असेल तर पाळकांबरोबर डॉक्टरांनाही भेटावे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात तोच रोग पुन्हा आला, तेव्हा पोल्ट्री मामांच्या जावयाची होती. दशमांशाचा विषय कोणी काढला नाही. वडील त्यांच्याकडे प्रार्थनेला गेले आणि त्यांनी ९१ वे स्तोत्र न वाचता, मृत्युछायेच्या दरीतही तू माझ्याबरोबर आहेस असे म्हणणारे २३ वे वाचले; त्यांनी ९१ वेच वाचायला हवे होते, यावरून आमचा दोघांचा वाद अजून मिटलेला नाही.